दावा कोणत्या दारी न्यावा?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शापोरा नदीच्या काठच्या एका वाड्यावरून एक वृद्ध विधवा भर दुपारी आमच्याकडे आली. छत्री दाराशी टेकवून ती सोप्यावर बसली, आणि एका प्लास्टिकच्या पिशवीतून तीन कागद काढून तिने ते आमच्यापुढे ठेवले. पहिला कागद म्हणजे गावच्या शेतकरी सोसायटीतील तिच्या नवऱ्याच्या नावाचा भागाचा दाखला. दुसरी त्याच सोसायटीतील ठेवीची पावती. तिसरा कागद नवा होता. सोसायटी मोडीत निघाली असून तिच्यावर नेमलेल्या लिक्विडेटराने, नवऱ्याने खतासाठी काढलेल्या कर्जाची बाकी व्याजासह भरावी, असे त्यात विधवेला कळविले होते.

"फादर, आमचे पैसे त्यांच्याकडे आणि मागणे ते आमच्याकडे करतात. हे कसे?" तिने विचारले.

प्रश्न सरळ होता व उत्तरही फारसे अवघड नव्हते. ठेवीतून कर्ज वळते करून घ्यावे आणि उरेल ते परत द्यावे, एवढेच तिचे म्हणणे. परंतु हे म्हणणे कोणी ऐकावयाचे? ती पंचायतीत जाऊन आली होती. मामलेदार कचेरीत दोन खेपा झाल्या होत्या. शेवटी पुतण्याने वकील गाठून तालुक्याच्या दिवाणी कोर्टात दावा गुदरला. तेथे दोन वर्षे तारखा पडल्या, आणि मग समोरच्या वकिलाने उभे राहून विचारले, "रजिस्ट्रारची परवानगी कोठे आहे?" परवानगी नव्हती, ती घ्यावी लागते हे कोणाला ठाऊकही नव्हते. त्या दोन वर्षांत ठेवीच्या पावतीकडे एकाही न्यायाधीशाची नजर गेली नाही.

संस्था बुडाली म्हणजे पैसा बुडतो, हे आमच्या खेड्यातील माणसास कोणी शिकवावे लागत नाही. दार चुकले म्हणजे हक्कही बुडतो, हे मात्र त्याला फार उशिरा कळते. कायद्याच्या भाषेत ह्याला अधिकारिता म्हणतात: अमुक तंटा ऐकण्याचा अधिकार अमुक न्यायासनालाच आहे, इतरांना नाही. शब्द कोरडा आहे खरा. पण पेडणे व डिचोली ह्या दोन तालुक्यांतील कित्येक घरांत सोसायटीच्या पावत्या पेटीच्या तळाशी पडून आहेत, आणि त्या पावत्यांचे काय व्हावयाचे ते ह्या कोरड्या शब्दावर अवलंबून आहे. म्हणून आजचे पान त्याला दिले आहे.

आधी हे पाहू की सहकारी संस्थांसाठी निराळे दार काढलेच का. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला. त्यानंतर पुढच्याच वर्षी, त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील गदगजवळच्या कणगिनहाळ गावी शेतकऱ्यांची पतसंस्था उभी राहिली. वसईत १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस ह्यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक सहकारी पेढी निघाली, ती तर आमच्या अनेक वाचकांच्या नात्यागोत्यातली. अशा संस्थांतील व्यवहार त्या काळी पाचपन्नास रुपयांचे. तेवढ्यासाठी शेतकऱ्याने कोर्ट फी भरावी, वकील करावा, तालुक्याला खेटे घालावे, म्हणजे नाकापेक्षा मोती जड व्हावयाचा. सबब कायदा करणाऱ्यांनी ठरविले की सभासद व संस्था ह्यांच्यातील तंटा सरकारी रजिस्ट्रारकडे जावा, त्याने किंवा त्याच्या नेमलेल्या माणसाने तो थोड्या खर्चात मिटवावा, आणि दिवाणी कोर्टाने त्यात हात घालू नये. गरिबाच्या सोयीसाठी घातलेले हे कुंपण. आज त्याच कुंपणावर गरीब माणूस आपटतो, कारण फाटक कोणत्या बाजूस आहे हे त्याला कोणी दाखवीत नाही.

गोव्याची गोष्ट थोडी निराळी आहे. डिचोली १७८१ साली व पेडणे १७८८ साली पोर्तुगीज राज्यात आले. म्हणून ह्या मुलखाला नव्या काबिजादी म्हणतात. गावकरी किंवा कोमुनिदाद ही जुनी सामाईक संस्था आमच्या ओळखीची होती, पण आजच्या अर्थाने शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायट्या मात्र १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतरच्या. महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा १९६२ साली गोव्याला लावण्यात आला, आणि गोव्याचा स्वतःचा कायदा २००१ साली होईपर्यंत सुमारे चाळीस वर्षे तोच येथे चालला. आमच्या भागातील बहुतेक जुन्या सोसायट्या त्याच्याच छायेत जन्मल्या. पुढे आम्ही जी कलमे सांगणार आहो ती त्या १९६० च्या कायद्यातील आहेत. नव्या कायद्यातील कलमांचे आकडे निराळे आहेत. परंतु रजिस्ट्रार, लिक्विडेटर, सहकारी न्यायाधिकरण आणि दिवाणी कोर्टाला मज्जाव, ही चौकट त्यातही आहे. ज्याचा दावा असेल त्याने पणजीच्या सरकारी छापखान्यातून नव्या कायद्याची प्रत आणून वकिलाच्या टेबलावर ठेवावी. वकिलालाही त्याचा उपयोगच होईल.

आता संस्था मोडीत कशी निघते ते पाहू. एके दिवशी सोसायटीच्या दाराला कुलूप दिसले म्हणजे ती मेली असे लोक समजतात. कायद्यात तसे नाही. हिशेबतपासणीत किंवा चौकशीत गंभीर दोष आढळल्यास, अथवा खास सभेला हजर असलेल्या सभासदांपैकी तीन चतुर्थांशांनी तसा ठराव करून अर्ज केल्यास, अथवा संस्थेचे काम बंदच पडले असल्यास रजिस्ट्रार आधी एक अंतरिम हुकूम काढतो. त्यावर खुलासा देण्यास संस्थेला एक महिना मिळतो. खुलासा पटला तर हुकूम मागे घेतला जातो; न पटला तर अंतिम हुकूम निघतो, पंचमंडळ पायउतार होते, आणि दप्तर, शिल्लक, गुदाम व जमीन हे सारे लिक्विडेटराच्या ताब्यात जाते. हे १०२ व १०३ ही कलमे सांगतात.

येथेच दोन रस्ते फुटतात, आणि येथेच बहुतेकांची वाट चुकते. वाचकांनी कृपा करून हे दोन परिच्छेद सावकाश वाचावेत.

पहिला रस्ता अशा माणसाचा, ज्याचे म्हणणे असे की संस्था मोडावयासच नको होती. सोसायटी तोट्यात असेल. पण गुदाम आहे, येणी आहेत, नवे पंच निवडून ती सावरता येईल. हा तंटा नव्हे. ही हुकुमावरची तक्रार आहे, आणि ती न्यायाधिकरणाकडे जात नाही. १०४ व्या कलमाप्रमाणे अंतिम हुकूम निघाल्यापासून दोन महिन्यांत अपील करावे लागते. हुकूम खालच्या अधिकाऱ्याचा असला तर अपील रजिस्ट्रारकडे. खुद्द रजिस्ट्रारचा असला तर सरकारकडे. एकट्या सभासदालाही हा हक्क आहे. मात्र खर्चाची अनामत रक्कम त्याला अपिलाबरोबर भरावी लागते. आणि संस्थेने कामच कधी सुरू केले नाही किंवा काम बंद पडले, ह्या कारणावरून हुकूम असेल तर हे अपीलही नाही. गावाने दोन महिने चावडीवर चर्चा करण्यात घालवावे आणि तिसऱ्या महिन्यात वर्गणी काढून वकिलाकडे जावे, हे आमच्याकडे वारंवार घडते. तोवर दार बंद झालेले असते.

दुसरा रस्ता आमच्या सोप्यावर आलेल्या विधवेचा. संस्था मोडली ती मोडली. माझे देणेघेणे तेवढे नीट लावा, असे तिचे म्हणणे. हा खरा तंटा. ९१ वे कलम म्हणते की संस्थेची घटना, निवडणूक, सभा, कारभार किंवा धंदा ह्यांच्याशी संबंध असलेला, आणि संस्था, सभासद, माजी सभासद, मयत सभासदाचा वारस, जामीनदार अशांमधील तंटा रजिस्ट्रारकडे नेला पाहिजे. महाराष्ट्रात १९७४ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या जागी सहकारी कोर्टे आली. तंट्याच्या पक्षकारांच्या यादीत कायद्याने संस्थेच्या लिक्विडेटराचेही नाव घातले आहे. म्हणजे संस्था अवसायनात गेली म्हणून तंट्याचे दार लागत नाही. संस्थेच्या जागी लिक्विडेटर उभा राहतो, इतकेच. ह्या तंट्याच्या निवाड्यावर मग न्यायाधिकरणाकडे अपील, त्यालाही दोन महिनेच. ट्रायब्युनल, ट्रायब्युनल म्हणून ज्याचे नाव लोक पहिल्या दिवसापासून घेतात, ते असे दुसऱ्या पायरीवर बसलेले आहे. पहिली पायरी सोडून तेथे उडी घेता येत नाही.

आणि त्या पहिल्या पायरीच्याही आधी एक उंबरठा आहे, तो खुद्द लिक्विडेटराचा. संस्थेवरील सारी मागणी तपासणे व कोणाचे पैसे आधी, कोणाचे मागून, हे ठरविणे हे त्याचेच काम. महाराष्ट्राच्या १९६१ च्या नियमांप्रमाणे तो जाहीर नोटीस काढून दोन महिन्यांत मागण्या कळवा असे सांगतो. त्यात दिलासा देणारी एक गोष्ट अशी की जे देणे संस्थेच्या वहीत लिहिलेले आहे, ते कळविलेच असे समजले जाते. परंतु वही सापडेल ह्या भरवशावर कोणी राहू नये. पावसाळ्यात गळणाऱ्या गुदामात वाळवीने कोणत्या वह्या ठेवल्या असतील ते आपण जाणतो. मागणी लेखी द्यावी, पोच घ्यावी.

आता त्या दिवाणी कोर्टाच्या भिंतीकडे वळू. १०७ वे कलम दोन गोष्टी सांगते. संस्था गुंडाळण्याशी संबंध असलेल्या कोणत्याही बाबीची दिवाणी कोर्टाने दखल घेऊ नये, ही एक. आणि गुंडाळण्याचा हुकूम झाल्यावर संस्थेवर किंवा लिक्विडेटरावर रजिस्ट्रारच्या परवानगीवाचून कोणताही दावा किंवा कज्जा लावता येणार नाही, लावलेला असेल तर पुढे चालविता येणार नाही, ही दुसरी. ह्यातला "पुढे चालविता येणार नाही" हा भाग फार महत्त्वाचा. संस्था चालू असताना कोणी योग्य त्या ठिकाणी दावा लावला आणि मध्येच ती अवसायनात गेली, तर तो चांगला दावाही तेथेच थबकतो. आपल्याला वाटते, दावा लावून झाला, आता तारीख येईल तेव्हा जाऊ. तिकडे मात्र परवानगीचा एक अर्ज न केल्यामुळे सारे गाडे चिखलात रुतलेले असते.

हा नियम जुलमी आहे काय? आम्हाला तसे वाटत नाही. शंभर लोकांनी शंभर कोर्टांत दावे लावले तर जो आधी पोहोचेल तो गुदाम जप्त करून घेईल आणि मागून येणाऱ्या विधवेला रिकामी भिंत मिळेल. सर्वांच्या मागण्या एका हाती याव्यात म्हणून ही अट आहे. आमची तक्रार एवढीच की ही अट त्या नोटिशीच्या तळाशी चार साध्या मराठी ओळींत छापावयास काही मोठा खर्च येत नाही.

कोणी म्हणेल, दोन्ही बाजू राजी असल्या आणि कोर्टाने निकाल दिला तर बिघडले कोठे? बिघडते. ज्याला अधिकारच नाही त्याचा हुकूमनामा शून्यवत्, आणि पक्षकारांच्या संमतीने अधिकार निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच सांगून ठेवले आहे. असा निकाल हाती घेऊन वसुलीस गेले तर तेथेही समोरचा तो मुद्दा काढू शकतो. जिंकलेला दावा अशा रीतीने पुन्हा पहिल्यापासून लढावा लागतो.

तरीही मोडलेल्या सोसायटीचा प्रत्येक वाद सहकाराच्याच दारी जातो असे नाही. मुंबईच्या डेक्कन मर्चंट्स सहकारी बँकेचा एक खटला ह्या बाबतीत प्रसिद्ध आहे. बँकेच्या ताब्यात आलेल्या इमारतीतील भाडेकरूचा वाद ९१ व्या कलमाखाली येतो काय, हा प्रश्न होता. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की येत नाही. भाडेकरूशी असा वाद हा बँकेचा धंदा नव्हे. ही गोष्ट आमच्याकडे लागू करून पाहावी. सोसायटीच्या गुदामाच्या पुढल्या खोलीत कोणी वर्षानुवर्षे भाड्याने दुकान चालवीत असेल, तर लिक्विडेटराला त्याला सहकारी तंट्याच्या वाटेने बाहेर काढता यावयाचे नाही. गोव्याचा १९६८ चाच भाडे नियंत्रणाचा कायदा त्याच्या आड उभा राहील. तसेच सोसायटीच्या कारकुनाचे किंवा पहारेकऱ्याचे. त्याच्या नोकरीच्या अटींचा वाद औद्योगिक न्यायाधिकरणाचा, असे आंध्रातील सहकारी बँकांच्या खटल्यात १९६९ साली ठरले. पहारेकऱ्याचा पगार थकला असेल तर त्याने सभासदांच्या रांगेत उभे राहण्याचे कारण नाही.

तमिळनाडूतील एका शेतकी पतसंस्थेचा खटला आम्हाला विशेष बोधप्रद वाटतो. शेतकरी कुटुंबाने भाताची पोती गहाण ठेवून कर्ज घेतले होते. कर्जाचे पैसे घ्या आणि पोती सोडा, नाहीतर पोत्यांची बाजारभावाने किंमत द्या, अशी मागणी घेऊन ते ग्राहक मंचाकडे गेले. संस्था म्हणाली, हा सहकारी तंटा आहे, मंचाला अधिकार नाही. डिसेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ग्राहक कायद्याचा उपाय हा इतर उपायांच्या जोडीला आहे. सहकारी कायद्यातील मज्जावामुळे तो बुडत नाही. तेव्हा संस्थेने सेवेत कसूर केली असेल तर हे तिसरे दारही आहे. मात्र संस्था अवसायनात असता ह्या दारीदेखील रजिस्ट्रारची परवानगी खिशात घालून जावे, असा आमचा सल्ला. "दावा किंवा कज्जा" हे शब्द पुष्कळ रुंद आहेत.

सीमेवरच्या वाचकांसाठी एक शब्द. पेडण्याला लागून सावंतवाडी, डिचोलीला लागून दोडामार्ग. ओहोळाच्या ह्या काठी गोवा, त्या काठी महाराष्ट्र. दोन्ही राज्यांत कार्यक्षेत्र असलेली संस्था २००२ च्या बहुराज्य सहकारी कायद्याखाली नोंदलेली असते, आणि मग तिचा रजिस्ट्रार दिल्लीला. तिचे तंटे लवादाकडे जातात व तो लवाद केंद्रीय रजिस्ट्रार नेमतो. म्हणून दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक व कायद्याचे नाव आधी वाचावे.

दुसरा घोटाळा नावांचा. पणजीत १९६५ च्या कायद्याने स्थापन झालेले प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. कूळवहिवाटीची आणि कोमुनिदादची प्रकरणे तेथे जात असल्याने आमच्या लोकांच्या तोंडी ट्रायब्युनल म्हणजे तेच. खाजनाचे बांध व मानशी सांभाळणारी कुळांची संघटना हीदेखील सोसायटीच, असे पुष्कळांना वाटते. ती सहकारी संस्था नव्हे. ती १९६४ च्या कूळ कायद्याखालच्या १९७५ च्या नियमांनी झालेली आहे आणि तिच्यावर देखरेख मामलेदाराची. आमची विधवा मामलेदार कचेरीत गेली ती ह्याच समजुतीने. तिच्या नवऱ्याचे नाव दोन्ही ठिकाणी होते: खाजनाच्या शेतासाठी एका यादीत, खताच्या कर्जासाठी दुसऱ्या यादीत. एकाच माणसाच्या एकाच शेतासाठी दोन निराळी दारे. कचेरीतील कारकुनाने तिला परत पाठविले ते कायद्याला धरूनच. परंतु कोठे जावे ते सांगितले असते तर तिचे एस. टी.चे भाडे व दोन वर्षे वाचली असती. (गोव्यात कदंबची बस म्हणावयाचे, पण आमच्या तोंडातून एस. टी. जात नाही.)

अवसायन म्हणजे काय, हे पेडणे-डिचोलीच्या लोकांनी जवळून पाहिले ते म्हापशाच्या बाबतीत. शुक्रवारचा म्हापशाचा बाजार ज्यांचा बाजार, त्यांना म्हापसा अर्बन सहकारी बँक परकी नव्हती. २०१५ च्या जुलैपासून तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध होते. १६ एप्रिल २०२० रोजी तिचा परवाना रद्द झाला, आणि संस्था गुंडाळून लिक्विडेटर नेमावा असे गोव्याच्या रजिस्ट्रारला कळविण्यात आले. २९ जुलै २०२१ रोजी मडगाव अर्बनचे तेच झाले. ह्या दोन्ही बँका होत्या, म्हणून त्यांच्या ठेवींना ठेव विम्याचे संरक्षण होते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख रुपयांवर नेण्यात आली होती. गावच्या शेतकरी सेवा सोसायटीतील ठेवीला असा विमा नाही. आमच्या लोकांनी ही गोष्ट मनात पक्की बसवावी. पाटी दोन्हींवर "सहकारी" अशीच असते, पासबुकही एकसारखेच दिसते. पण एक बुडाली तर पाच लाखांपर्यंत विमा धावून येतो, आणि दुसरी बुडाली तर गुदाम विकून जे येईल त्यातून वाटणी.

आता सर्वांत जास्त भीती ज्याची वाटते ते. लिक्विडेटराला संस्थेचे देणे फेडण्यासाठी सभासद, माजी सभासद आणि मयत सभासदाची मालमत्ता ह्यांच्याकडून किती वाटा घ्यावा हे ठरविण्याचा अधिकार आहे. बाप गेला, आणि दहा वर्षांनी मुलाच्या हाती नोटीस, असे घडते तेव्हा घरात रडारड होते. ३३ वे कलम ह्यावर मर्यादा घालते. सभासदत्व सुटल्यापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षेपर्यंतच ही जबाबदारी राहते, आणि तीही त्या दिवशी संस्थेचे जे देणे होते तेवढ्यापुरती. ह्या दोन वर्षांच्या आत गुंडाळण्याचा हुकूम झाला तर मात्र ती अवसायन संपेपर्यंत लोंबकळते. म्हणून मृत्यूचा दाखला आणि गुंडाळण्याच्या हुकुमाची तारीख, हे दोन कागद शेजारी ठेवून मोजणी करावी. घाबरून भाताचे पैसे भरून टाकण्यापूर्वी एवढे गणित तरी करावेच. परंतु लक्षात ठेवावे की ही मर्यादा संस्थेच्या देण्यातील वाट्याला आहे. मयताने स्वतः काढलेल्या कर्जाला नाही. ते कर्ज निराळे, आणि त्याचा तंटा निराळा.

हे सारे आज अधिक निकडीचे का झाले, तेही सांगितले पाहिजे. पेडणे तालुक्यात मोपा येथे विमानतळ झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने येऊ लागली. रस्त्याकाठच्या ज्या जागेला कोणी विचारीत नव्हते तिचे भाव चढले. एखाद्या मेलेल्या सोसायटीचे पडके गुदाम तिच्या जिवंतपणीच्या साऱ्या खत-बियाण्याच्या व्यापारापेक्षा मोलाचे झाले, तर नवल नाही. अशा वेळी लिलाव कोणी काढला, किती बोलीने काढला, आणि हिशेब कोणास दाखविला, हे विचारणे सभासदांचे काम आहे. देणी भागवून काही उरले तर ते कोणी घरी नेऊ शकत नाही. ११० व्या कलमाप्रमाणे सरकारच्या मंजुरीने ते सभासदांत वाटता येते, किंवा पोटनियमात लिहिलेल्या कामी लावता येते. तसे न झाल्यास ते रजिस्ट्रारकडे विश्वस्त म्हणून राहते आणि त्याच भागात त्याच हेतूने नवी संस्था निघाली तर तिच्या राखीव निधीत जाते. गावातील तरुणांनी हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे. जुन्या सोसायटीची माती नव्या सोसायटीच्या पायाला मिळू शकते. पण नवी सोसायटी निघाली पाहिजे.

अवसायनाला अंतही आहे. महाराष्ट्रात आज ते सहा वर्षांत पुरे करावयाचे असते. वाढ मिळते ती एका वेळी एका वर्षाचीच. मुदतींचे म्हणाल तर अवसायनातील संस्थेबद्दलच्या तंट्याला हुकुमापासून सहा वर्षे आहेत. आणि सबळ कारण दाखविल्यास उशिरा आलेला तंटाही दाखल करून घेता येतो. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे घालविलेला काळ मोजणीतून वगळावा, असे १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे १४ वे कलम सांगते. त्यात "प्रामाणिकपणे" हा शब्द भारी आहे. जो मुद्दाम चार दारी भटकतो त्याला त्याचा फायदा नाही. जो अज्ञानाने भटकला त्याने प्रत्येक तारखेचा कागद जपून ठेवला असेल तर आहे.

आमच्या विधवेने ते कागद जपले होते. पुतण्याने तक्रार केली की मावशी बसच्या तिकिटांसकट सगळे साठवून ठेवते. तिकिटे आम्ही बाजूस काढली आणि बाकीचे तारखेप्रमाणे लावले. आमच्या ओळखीच्या एका वकिलाने तिचे काम फी न घेता पाहण्याचे कबूल केले. दिवाणी कोर्टातील दावा काढून घेण्याचा अर्ज झाला. लिक्विडेटराकडे ठेवीची लेखी मागणी गेली, तीत कर्ज त्यातून वळते करून घ्यावे असे स्पष्ट लिहिले. रजिस्ट्रारकडे परवानगीचा अर्ज, त्यालाच जोडून तंट्याचा अर्ज, आणि उशिराच्या कारणाचे प्रतिज्ञापत्र असे तीन कागद दिले. सही करता येत नसल्याने तिने अंगठा उमटविला, व शाई पुसण्यास आमच्याकडे फडके मागितले.

गेल्या रविवारी मिसा संपल्यावर ती भेटली. लिक्विडेटराने कर्जाच्या वसुलीचे काम निकाल लागेपर्यंत थांबविले आहे, असे पत्र तिला आले होते. पुढची तारीख नाताळानंतरची आहे. ते पत्र आणि अर्जांच्या पोचा तिने त्याच प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या आहेत, आणि पिशवी मोठी हवी म्हणून आमच्याकडून एक मागून नेली.